लेव्हल वाढल्यावर प्राण किती वाढावे?

ही पुस्तिका एका लहान प्रश्नावर आहे. टेबलाभोवती बसून, बोलत बोलत आणि फासे टाकत खेळल्या जाणाऱ्या साहसखेळात पात्राची लेव्हल वाढली की त्याचे हिट पॉइंट किती वाढवायचे? आणि तो आकडा ठरवायचा कोणी: फाशाने, तक्त्याने की टेबलावरच्या माणसांनी? नियमांच्या जाड पुस्तकात या प्रश्नाला एखादा परिच्छेद मिळतो. टेबलावर मात्र याच परिच्छेदावरून रुसवेफुगवे होतात, जीव लावून घडवलेली पात्रं निकामी होतात, आणि एखादा खेळाडू पुढच्या आठवड्यापासून येईनासा होतो. म्हणून त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवं असं मला फार दिवस वाटत होतं.

ज्या टेबलांसाठी मी लिहिते आहे ती भिलईच्या टाउनशिपमधली आहेत. क्वार्टरच्या पुढच्या खोलीतलं जेवणाचं टेबल, त्याभोवती चार-पाच जण. त्यात पोलादाच्या प्लांटमध्ये शिफ्ट करणारे, कॉलेजात शिकणारे, शाळकरी मुलं आणि त्यांच्या हट्टापायी बसलेली एखादी मावशी किंवा काका. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि छत्तीसगढी, आणि खेळाचे नियम इंग्रजीत. या सगळ्यांना एकाच वेळी कळेल असं मराठीत काहीतरी हाताशी असावं, हा या पुस्तिकेचा हेतू.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात: तलवार चालवणारा फायटर, मंत्र टाकणारा विझार्ड, देवाच्या नावाने जखमा बऱ्या करणारा क्लेरिक, कुलपं उघडणारा रोग. डीएम प्रसंग मांडतो, खेळाडू ‘मी हे करतो’ म्हणतात, आणि निकाल अनिश्चित असेल तिथे फासा पडतो. प्रत्येक पात्राच्या कागदावर हिट पॉइंटचा आकडा असतो. वार बसला की तो कमी होतो, शून्यावर आला की पात्र कोसळतं. पराक्रम करत गेलं की पात्राची लेव्हल वाढते आणि प्रत्येक लेव्हलला या आकड्यात भर पडते. तीच भर हा आपला विषय.

ही कल्पना आली कुठून, हे भिलईकरांना जवळचं वाटेल. १९७१ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ हे युद्धखेळाचे नियम छापले गेले. त्यात साधा सैनिक एका वारात मरे. वीर मात्र एकाच फेरीत चार वार बसले तरच पडे. त्याच काळात मिनेसोटात डेव्ह अर्नेसन आपल्या मित्रांबरोबर ‘ब्लॅकमूर’ नावाची सलग चालणारी गोष्ट खेळत होते. तिथे प्रत्येकाकडे फौज नव्हती, एकच माणूस होता, आणि तो एका फाशावर मरून जावा हे खेळाडूंना मान्य नव्हतं. तेव्हा अर्नेसन यांनी आपल्याच एका जुन्या खेळातून उपाय उचलला. तो खेळ होता अमेरिकन यादवी युद्धातल्या लोखंडी पत्र्यांनी मढवलेल्या जहाजांचा. असं जहाज एका गोळ्याने बुडत नाही. त्याचं चिलखत किती जाड आणि ते किती मारा सोसेल, याचे आकडे ठेवावे लागतात. जहाजाचे ते आकडे माणसाला लावले, आणि हिट पॉइंट या खेळात आले. २०२२ साली नौदलात दाखल झालेल्या आयएनएस विक्रांतसाठी जे खास पोलाद लागलं, त्यातलं काही आपल्या प्लांटमधून गेलं. पोलादाची प्लेट किती सोसते या हिशोबावर घर चालणाऱ्या गावाला अर्नेसन यांची युक्ती समजावून सांगावी लागणार नाही.

१९७४ साली गायगॅक्स आणि अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्यांचे हिट पॉइंट सहा बाजूंच्या साध्या फाशाने ठरत आणि शस्त्राची इजाही त्याच फाशाने ठरे. यामागे चेनमेलचाच हिशोब होता: एक वार म्हणजे सरासरी एक माणूस. फायटर वेगळा ठरायचा तो लेव्हल वाढेल तसे त्याला फासे जास्त मिळायचे म्हणून. पुढच्याच वर्षी ‘ग्रेहॉक’ ही पुरवणी आली आणि फासेच वेगळे झाले: फायटरला आठ बाजूंचा, क्लेरिकला सहा, जादूगाराला फक्त चार. याच खेळाच्या १९७८ च्या पुस्तकात फायटर दहावर गेला, जादूगार चारवरच राहिला.

त्या चारच्या फाशाचा अर्थ नीट पाहा. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराकडे एक ते चार यांतला कुठलाही आकडा. खंजिराची इजाही एक ते चार. खंजीर बसलाच तर जादूगार त्याच वारात पडण्याची शक्यता सोळात दहा. दर चार जादूगारांत एक जण तर एकच हिट पॉइंट घेऊन घराबाहेर पडायचा. नवख्यांसाठीच्या १९८१ च्या ‘बेसिक’ नियमांत म्हणूनच एक सवलत लिहिलेली सापडते: पहिल्या लेव्हलला एक किंवा दोन पडले तर डीएमने हवं तर पुन्हा टाकू द्यावं. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने पहिल्या लेव्हलला फाशाचा सर्वांत मोठा आकडा सरसकट देऊन टाकला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने फासा पूर्णच काढला; फायटरला दर लेव्हलला सहा, विझार्डला चार, संपलं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने दोन्ही वाटा खुल्या ठेवल्या: पहिल्या लेव्हलला पूर्ण आकडा, पुढे फासा टाका किंवा ठरलेला आकडा घ्या. आज आपल्याकडे बहुतेक जण हेच खेळतात, त्यामुळे पुस्तिकेतली सगळी उदाहरणं याच आवृत्तीची आहेत.

आता मूळ प्रश्न. हिट पॉइंट म्हणजे नेमकं काय वाढतं? दहाव्या लेव्हलचा फायटर पहिल्या लेव्हलच्या फायटरपेक्षा सहापट मारा सोसतो, तर त्याचं मांस सहापट झालं का? नवा खेळाडू हा प्रश्न हमखास विचारतो आणि त्याने तो विचारायलाच हवा. गायगॅक्स यांनी १९७९ च्या डीएमसाठीच्या पुस्तकात याचं उत्तर दिलं आहे: वरच्या लेव्हलचे बहुतेक पॉइंट शरीराचे नसतातच. ते कौशल्याचे, दैवाचे, देवाच्या कृपेचे असतात. वार चुकवता येणं, शेवटच्या क्षणी मान फिरणं, हे सगळं त्या आकड्यात धरलेलं असतं.

हे उत्तर मी टेबलावर देते तेव्हा गायगॅक्स यांचं नाव घेत नाही, अभिमन्यूचं घेते. आपण पंडवानीच्या, म्हणजे महाभारत गाऊन सांगण्याच्या कलेच्या, मुलखात राहतो. याच भागातल्या गनियारीत जन्मलेल्या तीजनबाई भिलई स्टील प्लांटमध्ये नोकरीला होत्या, आणि २०१९ साली पद्मविभूषण मिळालेल्या या बाईंनी एका तंबुऱ्याच्या आधारावर अख्खं महाभारत जगभर उभं केलं. कापालिक शैलीत गायिका उभी राहून गाते, आणि हातातला तंबुरा क्षणात गदा होतो, क्षणात धनुष्य. इथल्या मुलांना महाभारतातलं युद्ध कानाने आणि डोळ्यांनी माहीत आहे.

तर चक्रव्यूहातला अभिमन्यू. त्याच्यावर एकदम प्राणघातक वार कोणालाच करता येत नाही. आधी कर्ण त्याचं धनुष्य तोडतो. कृतवर्मा घोडे मारतो. कृप पाठीमागचे सारथी मारतो. मग तो ढाल-तलवार घेऊन रथातून उडी टाकतो. द्रोण तलवार तोडतात, कर्ण ढाल. मग तो चाक उचलतो, तेही तोडलं जातं. मग गदा. आणि शेवटी, गदायुद्धात खाली पडून उठत असताना दुःशासनाच्या मुलाचा घाव डोक्यावर बसतो. प्राण घेणारा वार तो एकच. त्याआधी गेलं ते सगळं म्हणजे त्याचे हिट पॉइंट. धनुष्य गेलं तेव्हा दहा गेले, घोडे गेले तेव्हा पंधरा. डीएमने ‘तुला बारा लागले’ एवढंच न म्हणता काय तुटलं, काय हातातून गेलं हे सांगितलं, तर मोठ्या आकड्यांचा वीरही खरा वाटतो. कर्णाची कवचकुंडलं, भीष्मांचं इच्छामरण हीसुद्धा याच हिशोबातली. महाभारतात कोणीही केवळ धिप्पाड आहे म्हणून तगत नाही. प्रत्येकाच्या तगण्याला एक कारण आहे आणि ते गेल्याशिवाय तो पडत नाही.

हे एकदा पटलं की पुढचा प्रश्न वेगळ्या उजेडात दिसतो. लेव्हल वाढते तेव्हा पात्राची कमाई वाढते: अनुभव, सावधपणा, नशिबाची साथ. ही कमाई फाशावर सोडावी का?

सारीपाटावर वाईट दान पडलं तर डाव संपेपर्यंतच त्याचं दुःख. सोंगट्या पुन्हा मांडल्या की सगळे सारखे. इथे तसं होत नाही. तिसऱ्या लेव्हलला पडलेला ‘एक’ पात्राच्या कागदावर कायमचा राहतो. वर्षभर चालणाऱ्या गोष्टीत तो वर्षभर राहतो. एका शाळकरी मुलीच्या फायटरला लागोपाठ दोन लेव्हलना एक आणि दोन पडलेले मी पाहिले आहेत. दारात सगळ्यात पुढे उभं राहायचं म्हणून तिने फायटर घेतली होती. त्यानंतर ती दर लढाईत खांबामागून बाण मारत राहिली. तिने खेळात काहीही चुकीचं केलं नव्हतं. माझा आक्षेप नेमका इथे आहे. फासा खेळाडूच्या निर्णयाला जोडलेला असेल तर त्याचं वाईट दानही गोड लागतं: दरीवरून उडी मारायची की नाही हे मी ठरवलं, फासा पडला, मी पडले. लेव्हलच्या फाशात खेळाडूने काहीच ठरवलेलं नसतं, आणि शिक्षा मात्र सगळ्यात लांब चालते.

आता हिशोब. फायटरचा फासा दहा बाजूंचा, सरासरी साडेपाच. ठरलेला आकडा सहा. म्हणजे फासा न टाकणाऱ्याला दर लेव्हलला अर्धा पॉइंट जास्त मिळतो. दुसऱ्या लेव्हलपासून दहाव्यापर्यंत नऊ वेळा भर पडते: ठरलेल्या वाटेने ५४, फाशाने सरासरी साडेएकोणपन्नास. फासा टाकून ५४ च्या वर जाणारे दहांत साधारण तिघेच. आणि एकाच टेबलावरच्या दोन फायटरांत एकाचे नऊ फाशांचे चाळीस आणि दुसऱ्याचे साठ झाले, तर त्यात नवल काहीच नाही. डीएमची खरी अडचण इथे होते. साठवाल्याला धाप लागेल एवढा राक्षस आणला तर चाळीसवाला मरतो, आणि चाळीसवाल्याला झेपेल तो साठवाल्याला कंटाळवाणा होतो.

मात्र पद्धतीवर भांडण्याआधी प्रत्येकाने आपल्या पात्राच्या कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे शरीराच्या काटकपणाचा, आकडा पाहावा. तो १६ असेल तर दर लेव्हलला तीन जास्त. असा विझार्ड पहिल्या लेव्हलला नऊवर सुरू होतो आणि दर वेळी सात मिळवतो. कॉन्स्टिट्यूशन दहाचा फायटर दहावर सुरू होऊन दर वेळी सहा. दुसऱ्या लेव्हलला दोघे सोळावर येतात, तिसऱ्याला विझार्ड पुढे. पात्र बनवताना शांतपणे केलेली ही एक निवड फाशाच्या अर्ध्या पॉइंटाच्या वादापेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि ती खेळाडूची स्वतःची आहे.

फासा आवडणाऱ्यांची बाजू मी हलकी मानत नाही. लेव्हल वाढली की सगळ्यांनी मान पुढे करून एकाच्या हाताकडे पाहायचं, ओरडायचं, हा या खेळातला खरा आनंद आहे. शिवाय जिथे पात्रं पटापट मरतात आणि नवं पात्र पाच मिनिटांत तयार होतं, तिथे एक हिट पॉइंटाचा जादूगार जगवून दाखवणं ही कसोटी असते, आणि तो पाचव्या लेव्हलला पोचला तर त्याची कीर्ती टेबलावर अनेक वर्षं सांगितली जाते. जुन्या नियमांनी खेळणाऱ्यांना जुनीच पद्धत शोभते. काही खेळांनी तर हा प्रश्नच सोडून दिला. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’मध्ये आणि १९८१ च्या ‘कॉल ऑफ क्थुलू’मध्ये हिट पॉइंट शरीराच्या बांध्यावरून ठरतात आणि अनुभवाने वाढत नाहीत, कितीही शूर झालात तरी भाला लागला की लागला. १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये जखम थेट ताकद, चपळाई आणि दमातून वजा होते. तिथे भय खरं असतं. पण अभिमन्यूला चक्रव्यूहात तेवढा वेळ उभा ठेवायचा असेल, तर ते नियम आपल्या कामाचे नाहीत.

मग आनंद ठेवायचा आणि अन्याय काढायचा, हे कसं? उत्तर आकड्यांतच लपलेलं आहे. दहाच्या फाशावर ‘एक’ पडला की पुन्हा टाकायचं असं ठरवलं, तर उरतात दोन ते दहा, आणि त्यांची सरासरी बरोबर सहा. म्हणजे ठरलेला आकडाच. हे फक्त फायटरचं नाही. आठच्या फाशावर दोन ते आठची सरासरी पाच, सहाच्या फाशावर चार, बारावर सात. सगळीकडे पुस्तकातल्या ठरलेल्या आकड्याशी ती जुळते. त्यामुळे ‘एक आला तर पुन्हा’ हा नियम लावून एका खेळाडूला फासा आणि दुसऱ्याला ठरलेला आकडा घेऊ दिला, तर सरासरीत कोणाचंही नुकसान नाही.

आणि याच्याही पुढची, मला सगळ्यात प्रिय असलेली पद्धत पत्त्यांची. दहा बाजूंचे फासे आपल्याकडे अजूनही मागवावे लागतात आणि हरवले की खेळ अडतो. फाशांची टंचाई या खेळाच्या जन्मगावीही झाली होती. १९७९ च्या सुमारास तर बेसिकच्या संचात फाशांऐवजी आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे घालून विकले गेले. पत्ते मात्र प्रत्येक घरात असतात. फायटरच्या खेळाडूने एका रंगाची दुर्रीपासून दश्शीपर्यंतची नऊ पानं घ्यावी, एक्का बाहेर. लेव्हल वाढली की पिसून एक पान ओढायचं, त्यावरचा आकडा हिट पॉइंटांत मिळवायचा, आणि ते पान परत घालायचं नाही. नऊ लेव्हलनंतर नऊही पानं संपतात आणि बेरीज होते ५४. प्रत्येक फायटरची, प्रत्येक वेळी. दुर्री आली तर ती गेली, पुन्हा येणार नाही. दश्शी अजून गड्डीत आहे ही आशा टिकते. दैवाला क्रम ठरवू द्यायचा, बेरीज नाही.

विझार्डला दुर्री ते छक्की अशी पाच पानं, बेरीज वीस. सहाव्या लेव्हलला ती संपली की पुन्हा गड्डी लावायची. क्लेरिक आणि रोग यांना अठ्ठीपर्यंत सात पानं, बेरीज पस्तीस. बारा बाजूंचा फासा असलेल्या बार्बेरियनला गुलाम अकरा आणि राणी बारा धरून अकरा पानं, बेरीज ७७. सगळ्या बेरजा पुस्तकातल्या ठरलेल्या वाटेशी तंतोतंत जुळतात, त्यामुळे डीएमला राक्षसांचे आकडे बदलावे लागत नाहीत. कॉन्स्टिट्यूशनची भर नेहमीप्रमाणे वेगळी.

भिलईच्या टेबलांना ही पद्धत आणखी एका कारणाने मानवते. इथे शिफ्टमुळे कोणीतरी नेहमी गैरहजर असतं. नाइट शिफ्ट संपवून आलेला खेळाडू दोन लेव्हल मागे राहिलेला असतो आणि सगळ्यांसमोर एकदम दोन फासे टाकायला बसतो. ते दोन्ही वाईट पडले तर सुट्टीचा दिवस खराब. गड्डी असेल तर त्याची पानं डब्यात जशीच्या तशी असतात, दोन ओढली की तो बाकीच्यांच्या हिशोबात आला. शिवाय आपल्याला मिळतात ते तीन-चार तास. हिट पॉइंट भरमसाट वाढवले तर एकच लढाई ते सगळे खाऊन टाकते, आणि गोष्ट तिथेच थांबते. म्हणून दर लेव्हलला पूर्ण आकडा देण्याची जी उदार पद्धत काही टेबलांवर चालते, ती मी सुचवत नाही.

पुढच्या पानांत प्रत्येक पद्धतीचे तक्ते दिले आहेत, मराठी आकड्यांत, दहाव्या लेव्हलपर्यंत. ते वाचण्याआधी वाचकांना एक विनंती. तुमच्या टेबलावर पात्राचं मरण किती सोपं असावं, हे पहिल्याच बैठकीत सगळ्यांनी मिळून बोलून घ्या, शाळकरी मुलांनाही त्यात मत द्या, आणि जी पद्धत ठरेल ती डीएमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. गोष्ट मध्यावर आल्यावर ती बदलू नका.